रिकाम्या दुकानाचं एकच गिऱ्हाईक

वसंतशेठ कापडवाल्यानं मला अकरा लगीनसराया फसवलं. त्या अकराही वर्षी मीच त्याला फसवतोय असं मी धरून चाललो होतो आणि माझ्या त्या गुर्मीवर त्याचं दुकान उभं होतं. हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी विचारायला नको की रंगनाथ, तुझा राग नेमका कुणावर.

आता परत तेच दिवस आलेत. वैशाख लागला की जालन्याच्या कापडबाजाराचा वास बदलतो. एरवी तिथं धूळ आणि गटार. या दोन महिन्यांत मात्र नव्या कापडाची खळ, कूलरमधला ओला वाळा, मोगऱ्याचे गजरे आणि रसवंतीच्या चरकाखाली आंबत पडलेला उसाचा चोथा यांचा मिळून एक वास होतो, आणि तो डोक्यात चढतो. मंठ्याकडून, घनसावंगीकडून जीपा येतात. पंधरा-वीस माणसं उतरतात. बायका आधी पदर झटकतात, मग एकमेकींना मोजतात. म्हातारे सावली शोधतात. एखादा कर्ता माणूस बंडीच्या आतल्या खिशावर हात दाबून सगळ्यांच्या पुढं चालतो. बस्ता बांधायला आलेले असतात. लग्नाचं सगळं कापड एका दुकानातून, एका बैठकीत, दोन्हीकडच्या माणसांदेखत घ्यायचं, त्याला आमच्याकडं बस्ता म्हणतात. नवरीचा शालू, नवरदेवाच्या सफारीचं कापड, मानाच्या साड्या, आणि जिच्याशी दहा वर्षं बोलणं नाही त्या आत्याचीसुद्धा साडी.

मी गोदामाच्या दारात उभा राहून ते बघतो आणि डोकं तडकतं. पूर्वी या माणसांच्या पुढं चालणारा मी असायचो.

मी बारदानवाला. एक्याऐंशी साली आष्टीहून जालन्याला आलो तेव्हा माझ्याजवळ एक सायकल होती, तीही मागून आणलेली. दुकानादुकानांतून रिकामी पोती घ्यायची, तेलाचे रिकामे डबे घ्यायचे, कापडाच्या गाठींवरचं तागाचं किंतान घ्यायचं आणि मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नेऊन विकायचं. भरलेल्या पोत्याची किंमत सगळ्यांना कळते. रिकाम्या पोत्याची किंमत भांडून ठरवावी लागते, आणि भांडणं मला येत होतं. एका पोत्यामागच्या चार आण्यांसाठी मी अर्धा अर्धा तास उन्हात उभा राहिलोय. शिव्या दिल्यात, खाल्ल्यात. एकदा एका किराणावाल्याची तागडी उचलून रस्त्यावर फेकली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात जाऊन पोती घेतली होती, मी म्हणेन त्या दरानं. माझ्या मागं बाप नव्हता, ओळख नव्हती. तोंड होतं. त्या तोंडावर पुढं स्वतःचं गोदाम झालं, पत्र्याचं का होईना.

या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. कुठलं दुकान किती चालतं हे त्याच्या पाटीवरून कळत नाही, आत बसलेल्या माणसांवरूनही नाही. मागच्या दारी रिकामं काय पडतं ते बघावं. साखरेचं एक पोतं दोन महिने पुरवणारं हॉटेल मला माहीत होतं. कुंडलिकेच्या पुलाजवळ इब्राहिमचाचांचं. सहा टेबलं, त्यांतल्या पाचांवर माशा. भिंतीवरचा रंग चहाच्या वाफेनं नाही, नुसत्या वयानं पिवळा झालेला. तरी ते हॉटेल वर्षानुवर्षं सकाळी सहाला उघडायचं. एकदा मी न राहवून विचारलंच, "चाचा, तुम्ही जगता कशावर?"

चाचा म्हणाले, "बैठ. आँखां खोल के बैठ."

बसलो. तासाभरात उलगडा झाला. घनसावंगीच्या जीपांचा नंबर चाचा लावायचे. आधी कुठली भरायची, नंतर कुठली, ते गल्ल्याशेजारच्या फळीवर खडूनं लिहिलेलं. जीप सुटताना ड्रायव्हर गल्ल्यावर एक नोट ठेवून जायचा. चहा प्यायला कुणी आलं तर चाचा उठायचे, पण नाइलाजानं.

त्याच्या पुढच्या चौकात एक घड्याळवाला होता. त्याची आणि त्याच्या भावाची जागेवरून कोर्टात केस चालू होती आणि ज्याचं शटर रोज वर जातं त्याचा ताबा, एवढं त्याला वकिलानं सांगितलेलं. म्हणून तो रोज शटर वर करायचा आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या मधोमध दिवसभर बसायचा. मी एकदा पट्टा बदलायला गेलो तर दचकलाच. "पट्टा? आत्ता?" म्हणाला. शेजारी थंड पेयांचं दुकान. फ्रिजमध्ये चार बाटल्या, आणि बाकी सगळी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची औषधं. फ्रिजचं भाडं डॉक्टर द्यायचे, त्यात दुकानाचं भाडं निघायचं.

अशी कितीतरी. शहरातली रिकामी दुकानं बघून खेड्यातल्या माणसाला वाटतं, हे लोक खातात काय? मी त्यांना ऐटीत सांगायचो. म्हणायचो, बाबांनो, रिकामं दिसणारं प्रत्येक दुकान कुणीतरी एक जण पोसत असतो आणि तो समोरून येताना दिसत नाही. जालन्यातल्या एकेका दुकानाचं पोट मी असं फाडून दाखवलं.

एक सोडून.

वसंतशेठचं दुकान कापडबाजाराच्या आतल्या बोळात होतं. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडून गेलेली. आत पांढरी गादी, दोन लोड, एक कुरकुरणारा कूलर. वसंतशेठ बारीक अंगाचा, मऊ बोलणारा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हातात सदा पेपर. त्याच्या अंगावर कधी कुणी ओरडलेलं मी पाहिलं नाही आणि तो कुणावर ओरडलेलाही नाही. दिवाळी गेली तरी गादीवर सुरकुती नसायची. कापडाची गाठ किंतानात शिवून येते. शेजारच्या दुकानातून मला महिन्याला जेवढं किंतान मिळायचं तेवढं वसंतशेठकडून वर्षाला मिळायचं. मी हिशेब मांडायचो. भाडं, वीज, घरात बायको, दोन मुलं. कसं भागतं? नंबर लावायला जीपा नाहीत, कोर्टात केस नाही, फ्रिज तर नाहीच. मी म्हणायचो, याची कुठंतरी जमीन असणार.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी किंतान घ्यायला गेलो होतो आणि एक बाई साडी बघत होती. वसंतशेठनं साडीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी उलटी केली. तिच्यावर आकडे नव्हते, तीन अक्षरं होती. कापडवाले खरेदीची किंमत अशी अक्षरांत लिहून ठेवतात, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. दहा अक्षरांची एखादी ओळ ठरवायची. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, शेवटचं म्हणजे शून्य. ओळ कुठली ती घरच्यांशिवाय कुणाला माहीत नसते. तर वसंतशेठ चिठ्ठी बघत होता आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत पुटपुटत होता. मी किंतानाची घडी घालता घालता कान दिला. दे, वा, ची, कृ, पा.

पुढच्या आठ दिवसांत मी त्या बोळात कारण नसताना चारदा गेलो. चौथ्या वेळी ओळ पुरी झाली. देवाची कृपा मजला होई. बिडीच्या बंडलाचा कागद उलटा करून लिहिली आणि मोजली. बरोबर दहा. एकही अक्षर दुसऱ्यांदा नाही. द एक, व दोन, असं करत ह नऊ आणि ई शून्य. चिठ्ठीवर क प ई असेल तर साडी साडेचारशेला आलेली. चौथी शिकलेला माणूस मी. त्या रस्त्यावर, त्या उन्हात, एकटाच मोठ्यानं हसलो. रसवंतीवाला म्हणाला, "काय झालं?" मी त्याला पूर्ण ग्लास सांगितला. एरवी मी अर्धा पितो.

त्या उन्हाळ्यात आष्टीच्या चुलत भावाच्या लग्नाचा बस्ता मी वसंतशेठकडं नेला.

तो दिवस मला अजून अंगावर आठवतो. दाराशी वीस जोडी चपला, त्यांतल्या दोनच एकमेकींसारख्या. गादीवर दोन्हीकडच्या बायका समोरासमोर, मध्ये साड्यांचा ढीग. वसंतशेठ मनगटाच्या एका झटक्यानं साडी उलगडायचा तेव्हा फट् असा आवाज यायचा आणि कोपऱ्यात लोडाला टेकून झोपलेला नवरदेवाचा आजा दर फट्‌ला डोळे उघडायचा. बायका पदर चिमटीत धरून चोळायच्या, उजेडाकडं धरायच्या, एकमेकींच्या खांद्यावर टाकून बघायच्या. शालू निघाला. डाळिंबी रंगाचा. सगळ्या गप्प झाल्या म्हणजे आवडला. मी हळूच चिठ्ठी उलटी केली. ह ई ई. नऊशे.

"किती?" मी विचारलं.

"रंगनाथराव, अठराशे लावलेत. तुमच्यासाठी सतराशे."

"शेठ, चष्मा पुसून बघा. नऊशे."

"नऊशेत घडी उलगडल्याची मजुरी निघत नाही हो."

"मंग परत घडी घाला. उठा रे सगळे. चला, जल्दी."

आणि वीस माणसं उठली. मी म्हणालो म्हणून. आजासुद्धा. वसंतशेठ दोन्ही हात पुढं करून म्हणाला, "बसा, बसा. रंगनाथराव, तुम्ही म्हणजे बिलकुल आग आहात. माणसानं तुमच्याशी बोलावं तरी कसं?" मग चहा. मग पुन्हा. साडेनऊशेला शालू सुटला. त्याला पन्नास सुटले आणि मला माहीत होतं की पन्नासच सुटले. माझी चुलती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचा रंग्या म्हंजी शेठच्या पोटातलं वाचून राह्यला."

त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं जगलो. आष्टीच्या पोरांची लग्नं, आसपासच्या वाड्या-वस्त्यांतली, बायकोच्या माहेरची. बस्ता म्हटलं की लोक आधी माझ्या गोदामात येऊन बसायचे. "दादा, तुम्ही असले की आमचा खर्चा अर्ध्यावर येतो." मी पोती तशीच टाकून, हात धुऊन, पुढं चालायला लागायचो. आणि दर वेळी त्याच बोळात वळायचो. दुसऱ्या दुकानांत का गेलो नाही? कारण तिथल्या चिठ्ठ्या मला वाचता येत नव्हत्या. जिथली किल्ली माझ्या खिशात, तिथंच मी सगळ्यांना नेत राहिलो. जालन्यातला सगळ्यात चलाख माणूस म्हणवून घेत होतो मी.

एका वर्षी तर मला वसंतशेठची कीव आली. पाऊस नव्हता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाजार थंड. मीच आमच्या माणसांना म्हणालो, "वर वीस रुपये द्या. मरून राह्यला तो माणूस." त्यांनी दिले. वसंतशेठनं ते डोळ्यांना लावून घेतले.

बस्ता उरकला की तो मला कुंकू लावायचा आणि एक शर्टपीस हातात द्यायचा. "आमच्याकडून आहेर." सगळ्यांदेखत. बस्ता घेऊन येणाऱ्याला काहीतरी द्यायची रीत अख्ख्या बाजारात होती, कुणी टॉवेल-टोपी देई, कुणी उपरणं. मी कधी लपवलं नाही. शिवून अंगात घातले ते शर्ट. लोक विचारायचे तर सांगायचो, वसंतशेठनं दिला.

शहाण्णव साली सुनीताचं लग्न ठरलं. सुनीता म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची, कमलची मोठी मुलगी. कमल मंठ्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. आम्हा दोघांचं आईमागं एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. तिच्या लग्नात मी काही करू शकलो नव्हतो, तेव्हा माझ्याजवळ ती मागून आणलेली सायकलही नव्हती. म्हणून सुनीताचा बस्ता मी जिवाचं रान करून बांधला. वसंतशेठसमोर त्या दिवशी मी सगळ्यांना तीनदा उठायला लावलं. शालू हजाराला पाडला, चिठ्ठीवर साडेनऊशे होते. कमल नुसती माझ्याकडं बघत होती. शहरात आल्यावर तिला बोलायला सुचत नाही.

हळदीच्या दिवशी मी खेड्यावर होतो. मांडवात आंब्याचे डहाळे अजून ओले. शेजारची एक बाई शालू बघायला आली. पदर चोळून म्हणाली, "हाच आम्ही परभणीला आणल्ता की. पावणेसातशेला. भाव बी न्हाई केला, एकच भाव असतो तिथं."

मी म्हणालो, "दुसरा असंल."

"तोच हाय. काठ बघा ना."

तिनं आपलाही आणून दाखवला. काठ तोच होता.

दाजी, म्हणजे कमलचा नवरा, खांबाला टेकून बसला होता. वाईट माणूस नाही, पण मनात ठेवणारा. तो शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, अंगातला शर्ट नवा दिसून राह्यला."

"शेठनं दिला."

"दर साली देतो?"

"देतो. सगळ्यांदेखत देतो."

"मंग काय फुकट देऊन राह्यला का त्यो? आमच्याच खर्च्यातून ना? आणि जे सगळ्यांदेखत देत न्हाई ते कितीक असंल?"

कट खातो म्हणाला मला. माझ्या बहिणीच्या मांडवात. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. शर्टाची बटणं तोडून तो काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. कमल हळदीची वाटी घेऊन उभी होती. मी ओरडलो, "कमे, तू बोल. तुझ्या भावानं पैसा खाल्ला म्हणून राह्यला ह्यो. बोल!"

ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तू नुसतं न्हाई म्हण ना. एकदा न्हाई म्हण."

एवढंच मागितलं तिनं. एक शब्द. आणि मी म्हणालो, "मी न्हाई म्हणायचं? मला विचारतीस? तुझ्या दारात पाणी पिणार न्हाई आता." बनियनवर मंठ्यापर्यंत चालत आलो आणि बनियनवरच जालन्याच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरनं तिकीट दिलं, वर काही विचारलं नाही.

आमच्यात नवरीच्या पाठीशी अंतरपाटाच्या वेळी मामा उभा राहतो. तो तिला बोहल्यावर आणतो आणि अक्षता पडेपर्यंत मागं असतो. सुनीताच्या मागं दाजीच्या नात्यातला कुणीतरी उभा केला. मुहूर्त संध्याकाळचा होता. त्या वेळी मी गोदामात गोण्या झटकत होतो. धुळीनं माझे डोळे लाल झाले असं मी हमालाला सांगितलं.

मंठ्यात बोललेलं आष्टीला पोचायला वेळ लागत नाही. पुढच्या वर्षी बस्त्याला मला कुणी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. जीपा येत होत्या, माणसं माझ्या गोदामासमोरून जात होती, ओळखीची असली तर दुसरीकडं बघत होती. मी दाजीला शिव्या देत होतो. कमलला मनातल्या मनात. भाऊबीज आली की मुद्दाम मोंढ्यात कामं काढायचो. माझं म्हणणं साधं होतं. मी एक पैसा खाल्ला नव्हता, आणि साडेनऊशेच्या शालूला हजार म्हणजे रास्त भाव होता. ती परभणीची बाई खोटारडी. तिचा शालू दुसरा.

त्या काळात वसंतशेठकडचं किंतान थांबलं. अजिबातच. मी एकदा गेलो तर गादी तशीच पांढरी, पण कूलर बंद. तो पेपरवरून बघत म्हणाला, "रंगनाथराव, यंदाही कुणी नाही?" आवाजात काळजी होती. मला वाटलं, माझी आहे. मला भरून आलं. मी त्याला चहा पाजला. शहरातल्या रिकाम्या दुकानांचा जाणकार मी, माझ्या डोळ्यांसमोर एक दुकान उपाशी मरत होतं, आणि त्याचं अन्न कोण होतं हे मला दिसत नव्हतं.

सुनीताच्या लग्नानंतर सातव्या वर्षी वसंतशेठ वारला. वर्षश्राद्ध झाल्यावर त्याचा मुलगा प्रकाश गोदामात आला. म्हणाला, "काका, दुकान मोकळं करायचंय. बारदान, खोकी, जुना माल, सगळं तुम्हीच घेऊन जा. बाबा असते तर तुम्हालाच दिलं असतं." प्रकाश आता तिशीचा. बापासारखाच मऊ.

जुन्या साड्या खोक्यांत भरत होतो. एक डाळिंबी शालू निघाला, विकला न गेलेला. चिठ्ठीवर ह ई ई. हात सवयीनं चिठ्ठीवरच गेला आणि मला बरं वाटलं, जुनी विद्या विसरलो नाही म्हणून. घडी नीट बसत नव्हती, उलगडली. आतल्या घडीत, काठाच्या मागं, एक बारीक कागद टाचणीनं लावलेला. त्यावर पेन्सिलीनं साधे आकडे. सहाशे.

"प्रकाश, हे काय आहे?"

त्यानं बघितलं आणि हसला. मनापासून हसला, त्यात काही कुत्सित नव्हतं. "काका, वरची चिठ्ठी तुमची."

"माझी म्हणजे?"

"तुम्ही बस्ता घेऊन येणार म्हटलं की बाबा आम्हाला बसवायचे. आई, ताई आणि मी. कॉलेजातून आलो की दोरे आणि चिठ्ठ्या. वरची तुमच्यासाठी, खरी किंमत आत. मी म्हणायचो, बाबा, आत साधे आकडे लिहिता, त्यांनी उलगडून बघितलं तर? बाबा म्हणायचे, ते आत बघणार नाहीत. ज्याला अक्षरं वाचता येतात तो आकडे बघत नाही."

"आणि बोटं मोजायचा ते? देवाची कृपा?"

"ते तुम्ही दारात आलात की. आमच्यात कुणी तशी चिठ्ठी लिहीतच नव्हतं." मग त्याला वाटलं असावं की मला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. "काका, बाबा तुमचं फार नाव काढायचे. दर पाडव्याला पूजा झाली की म्हणायचे, एक बारदानवाले आहेत म्हणून आपलं दुकान आहे."

मी त्या गादीवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुरकुती पडेल असा बसलो. मला विचारलं असतं कुणी की या रिकाम्या दुकानाला कोण पोसतं, तर मी सगळं शहर धुंडाळलं असतं. वर्षाला चार-पाच बस्ते. तेवढ्यावर भाडं, वीज, कूलर, प्रकाशचं कॉलेज, ताईचं लग्न. समोरच्या दारानं वीस माणसं घेऊन, छाती काढून, मीच येत होतो. आष्टीच्या चुलतीचे पैसे, बायकोच्या माहेरचे, कमलचे. मी त्यांच्याकडून ते काढून आणून दिले आणि वर वीस रुपये द्यायला लावले. भिंतीवर वसंतशेठचा फोटो होता, हार घातलेला. हार घातलेल्या फोटोला शिव्या देऊ नयेत. मी दिल्या. प्रकाश दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

राग निवल्यावर मला दुसरीच गोष्ट कळली आणि ती जास्त जाळणारी होती. दाजी अर्धा खरा होता. शालू महागच पडला होता. परभणीची बाई खोटारडी नव्हती. पण मी पैसा खाल्ला नाही, हेही खरं. आठ वर्षं आम्ही दोघं एकेक अर्धं धरून बसलो आणि कमल मध्ये वाटी घेऊन उभी.

मी प्रकाशला म्हणालो, "माझ्याबरोबर मंठ्याला चल. हे जे मला सांगितलंस ते माझ्या बहिणीला सांग."

तो म्हणाला, "काका, आता कशाला? बाबा गेले. गेलेल्या माणसाचं नाव खराब करायचं का?"

"आणि माझं?"

"तुमचं काय काका. तुम्ही मोठे माणूस. गोदाम आहे, सगळं बराबर चाललंय."

त्यानंतर तीनदा गेलोय त्याच्याकडं. त्या जागेत त्यानं आता मोबाईलचं दुकान काढलंय. काचेचं कपाट, निळा दिवा, फिरती खुर्ची. आत कुणी नसतं. मला बघितलं की फोन कानाला लावतो. ते दुकान कशावर चालतं ते मी शोधत नाही. माझी ती हौस फिटली.

गेल्या आठवड्यात आष्टीच्या एका माणसाबरोबर पत्रिका आली. कमलच्या धाकट्या मुलीची, वैशालीची. पत्रिकेत मामा म्हणून कुणाचंच नाव छापलेलं नाही. जागा सोडलीय. त्या माणसानं निरोपही आणला. कमल म्हणाली होती, "दादाला म्हणावं, यायचं तर ये. पण तेव्हा जे विचारलं होतं तेवढं सांग, दाजीसमोर."

मी आजच जाऊन न्हाई म्हणू शकतो. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, माझ्या तोंडानं घात केला. पण आता नुसतं न्हाई पुरत नाही. दाजी लगेच विचारेल, मग शालू महाग कसा पडला? मी सांगू की शेठकडं दोन चिठ्ठ्या होत्या, एक वर आणि एक आत, आणि वरची फक्त मला फसवायला होती? मी एकट्यानं ही हकीकत सांगितली तर ती कट खाल्लेल्या माणसानं आठ वर्षं बसून रचलेली वाटेल. मी दाजीच्या जागी असतो तर मला तशीच वाटली असती.

म्हणून प्रकाश, हे तुला लिहितोय. बाकीचे वाचतील तर वाचू देत. तुझ्या बापाशी माझं भांडण तो जिवंत असता तर मी त्याच्या गादीवर बसून मिटवलं असतं. तो गेला. पण चिठ्ठ्यांना दोरे बांधणारे हात तुझे होते. तुला सगळं माहीत होतं, आणि माझ्या बहिणीच्या पोरीचा शालू विकला त्या दिवशी तू दुकानात होतास, मला चहा तू आणून दिलास. मला तुझ्याकडून पैसा नको. माफी नको, ती तुझ्या दुकानात ठेव. एकदा माझ्याबरोबर जीपमध्ये बसायचं, कमलच्या ओसरीवर दाजीसमोर उभं राहायचं आणि माझ्या वतीनं नाही, तुझ्या घराच्या वतीनं बोलायचं. शालू महाग का पडला ते, आणि या माणसाला त्यातलं काही मिळालं का ते.

लग्नाला पंधरा दिवस उरलेत. वैशालीच्या पाठीशी कुणीतरी उभं राहणारच आहे. तुझ्या बापाच्या नावाची तुला काळजी आहे, तर मग माझं नाव कुणी घालवलं ते तूच सांग. फोन खाली ठेव आणि सांग. कधी निघायचं?